पस्तीस वर्षांची पायवाट

स्त्रियांसाठी स्वतंत्र विद्यापीठ काढण्याची कल्पना महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी मांडली, तेव्हा त्यांनी वयाची सत्तावन्न वर्षे पूर्ण केली होती. त्या विद्यापीठाला कायद्याने पूर्ण दर्जा मिळाला, तेव्हा ते त्र्याण्णव वर्षांचे होते. मधल्या काळात नकार, बहिष्कार, पैशाची चणचण आणि घरच्यांची ओढाताण यांनी त्यांची पाठ सोडली नाही.

पुण्यात डेक्कनवरून कोथरूडकडे जाणारा कर्वे रस्ता आज वाहनांनी गजबजलेला असतो. त्याच दिशेने पुढे गेले की कर्वेनगर लागते. या भागाचे जुने नाव हिंगणे बुद्रुक. शंभरेक वर्षांपूर्वी तेथे ना रस्ता होता, ना वस्ती. होती ती शेते, माळरान आणि पावसाळ्यात गुडघाभर चिखल. त्या चिखलातून फर्ग्युसन महाविद्यालयातील गणिताचा एक प्राध्यापक रोज संध्याकाळी चालत जात असे. कारण तेथील एका झोपडीत काही विधवा मुली शिकत होत्या. कर्वे यांचे सारे आयुष्य समजून घ्यायचे, तर या चालण्यापासूनच सुरुवात करावी लागते. त्यांच्याजवळ ना संपत्ती होती, ना सत्ता, ना सभा जिंकणारे वक्तृत्व. होती ती न थकता चालत राहण्याची सवय. ती त्यांना फार लहानपणी जडली होती.

साताऱ्याचा नकार

१८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म झाला. घर दापोलीजवळच्या मुरूडचे. वडील केशवपंत यांची मिळकत तुटपुंजी. आई लक्ष्मीबाई काटकसरीने संसार रेटणाऱ्या. घरात गरिबी होती, पण कोणापुढे हात पसरायचा नाही, हा दंडकही होता. गावात सोमण गुरुजी नावाचे शिक्षक होते. गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचे काम त्यांनी या लाजाळू मुलावर सोपवले. सार्वजनिक कामाची पहिली गोडी त्याला तेथे लागली.

मराठी सहावीची परीक्षा उत्तीर्ण झाली की शिक्षकाची किंवा सरकारी कारकुनाची नोकरी मिळण्याची शक्यता असे. १८७५ मध्ये कर्वे या परीक्षेला बसण्यासाठी मुरूडहून साताऱ्याला निघाले. पावसाळ्यामुळे समुद्रमार्ग बंद होता. सोबतच्या मुलांबरोबर त्यांनी सह्याद्रीचा घाट चढून शंभराहून अधिक मैलांची वाट चार दिवसांत पायी तुडवली. परीक्षेला बसण्यासाठी सतरा वर्षे पूर्ण असणे आवश्यक होते आणि ती पूर्ण झालेली होती. मात्र अंगकाठी इतकी किरकोळ की परीक्षा समितीच्या प्रमुखांचा त्यांच्या वयावर विश्वासच बसला नाही. हा मुलगा लहान आहे, असा निर्णय देऊन त्यांना परीक्षेला बसू दिले गेले नाही. आल्या पावली परत जावे लागले.

दुसऱ्या वर्षी त्यांनी कोल्हापुरातून तीच परीक्षा दिली आणि ते उत्तीर्ण झाले. एवढ्यावर नोकरी धरून थांबता आले असते. त्यांनी मात्र इंग्रजी शिक्षणाचा रस्ता धरला. आधी मुरूड, मग रत्नागिरी आणि शेवटी मुंबईतील रॉबर्ट मनी शाळा. अधूनमधून आजारपण आणि पैशाची अडचण होतीच. मॅट्रिक झाले, तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. त्या वयात त्यांचे अनेक समवयस्क पदवी घेऊन मोकळे झाले होते. पुढे विल्सन आणि एल्फिन्स्टन या महाविद्यालयांत शिकून १८८४ मध्ये त्यांनी गणित विषय घेऊन बी. ए. ची पदवी मिळवली. सगळे काही उशिरा मिळायचे, पण मिळवल्याशिवाय सोडायचे नाही, हा त्यांच्या आयुष्याचा क्रम येथेच ठरून गेला.

एक विवाह आणि गावाचा बहिष्कार

त्या काळच्या रीतीप्रमाणे कर्वे यांचा विवाह किशोरवयातच राधाबाईंशी झाला होता. १८८२ मध्ये त्यांना मुलगा झाला. हेच पुढे संततिनियमनाचे आद्य प्रचारक म्हणून प्रसिद्धीस आलेले रघुनाथराव कर्वे. मुंबईत शाळांमधून शिकवणे आणि पहाटेपासून शिकवण्या करणे असा कर्वे यांचा दिनक्रम होता. मिळकतीतील ठरावीक वाटा ते सार्वजनिक कामासाठी बाजूला काढून ठेवत. १८९१ हे वर्ष मात्र दुःख आणि संधी अशी दोन्ही घेऊन आले. राधाबाईंचे निधन झाले. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्या निमंत्रणावरून कर्वे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी दाखल झाले. लोकमान्य टिळक डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्याने ती जागा रिकामी झाली होती.

कर्वे तेव्हा तेहेतीस वर्षांचे होते. वय, पदवी आणि नोकरी पाहता दहा-बारा वर्षांच्या कुमारिकेचे स्थळ त्यांना सहज मिळाले असते. समाजाची तीच अपेक्षा होती. पत्नी वारल्यावर पुरुषाने वर्षभरात बोहल्यावर चढावे आणि पती वारल्यावर आठ वर्षांच्या मुलीने मात्र जन्मभर अंधाऱ्या माजघरात बसावे, हा त्या काळचा न्याय होता. १८५६ मध्ये विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली होती. पण कायदा कागदावर राहिला आणि रूढी घरात. पुन्हा विवाह करायचा तर विधवेशीच, असे कर्वे यांनी ठरवले.

त्यांचे मित्र नरहरपंत जोशी यांची बहीण गोदूबाई आठव्या वर्षी विधवा झाली होती. लग्नानंतर काही महिन्यांतच पती गेला. लग्न म्हणजे काय हे कळण्याआधीच वैधव्य वाट्याला आलेल्या असंख्य मुलींपैकी ती एक. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले, तेव्हा तेथे शिकायला आलेल्या पहिल्या विधवा म्हणजे गोदूबाई. त्यांच्या वडिलांची संमती मिळाली आणि ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात हा विवाह झाला. गोदूबाई आनंदीबाई झाल्या. पुढे साऱ्या परिवारात त्या ‘बाया’ म्हणून ओळखल्या गेल्या.

पुण्यातील सुधारकांनी या विवाहाचे स्वागत केले. मुरूडमध्ये मात्र वादळ उठले. गावाने सभा घेऊन कर्वे यांच्यावर बहिष्कार टाकला. ते ज्या बैठकीत असतील तेथे कोणी बसायचे नाही. ते घरी आले तर त्यांच्या आईलाही वाळीत टाकायचे. ज्या गावासाठी त्यांनी मुंबईत असताना फंड उभारला होता, त्या गावाची वेस त्यांना बंद झाली. आईला त्रास नको म्हणून ते घरी जाईनासे झाले. कोणाशी त्यांनी वाद घातला नाही, की वर्तमानपत्रांतून गावाचे वाभाडे काढले नाहीत. अपमान गिळून दुसरा रस्ता शोधायचा, ही त्यांची पद्धत होती. त्यांच्या शांतपणाला कोणी दुबळेपणा समजत असेल, तर तो समज पुढच्या काही वर्षांत खोटा ठरणार होता.

पुनर्विवाहाकडून शिक्षणाकडे

आपला विवाह हा केवळ खासगी प्रश्न नाही, असे कर्वे मानत. १८९३ च्या अखेरीस त्यांनी विधवाविवाहोत्तेजक मंडळी स्थापन केली. पुनर्विवाह केलेल्या जोडप्यांना आधार देणे आणि लोकमत घडवणे हे तिचे काम. मात्र दोन-तीन वर्षांच्या अनुभवाने त्यांना एक गोष्ट स्पष्ट दिसली. असे विवाह मोजकेच होत. विवाह न करणाऱ्या किंवा करू न शकणाऱ्या हजारो विधवांचे काय, हा प्रश्न तसाच उरे. त्यांना आपल्या पायावर उभे करायचे तर शिक्षणाखेरीज मार्ग नव्हता. पुनर्विवाहाच्या नावाने संतापणारा समाज शिक्षणाला कदाचित तितका विरोध करणार नाही, असाही हिशेब त्यामागे होता.

आणखी एक घडामोड निर्णायक ठरली. शारदा सदन मुंबईहून पुण्यात आले होते. तेथील मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव टाकला जातो, असा आरोप होऊन १८९३ मध्ये मोठे वादंग माजले. रानडे आणि भांडारकर यांच्यासारखी सल्लागार मंडळी बाजूला झाली आणि अनेक पालकांनी मुली काढून घेतल्या. हिंदू कुटुंबांना विश्वासाचे वाटेल असे विधवांच्या शिक्षणाचे ठिकाण पुण्यात उरले नाही. ही पोकळी भरून काढण्यासाठी १४ जून १८९६ रोजी अनाथ बालिकाश्रम मंडळी स्थापन झाली. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर अध्यक्ष झाले. कर्वे यांनी आपल्या शिलकीतले एक हजार रुपये संस्थेला दिले. पाच हजार रुपयांची आयुर्विम्याची पॉलिसीही त्यांनी पुढे आश्रमाच्या नावे करून टाकली.

येथे त्यांनी केलेली एक तडजोड लक्षात घ्यायला हवी. आश्रमात येणाऱ्या मुलींना पुनर्विवाहाची दीक्षा दिली जाणार नाही, हे त्यांना समाजाला पटवून द्यावे लागले. त्यासाठी ते पुनर्विवाहाच्या चळवळीतून स्वतःहून मागे सरले. कडव्या सुधारकांना ही माघार वाटली. ज्याने स्वतः विधवेशी विवाह केला, तोच आता त्या विषयावर मौन पाळतो, अशी टीका झाली. सनातन्यांचा संशय तर गेलाच नाही, कारण संस्थापकच पुनर्विवाहित होता. दोन्ही बाजूंचा रोष ओढवून घेऊन कर्वे यांनी एकच काम निवडले. एका वेळी एकच दार ठोठावायचे आणि ते उघडेपर्यंत हलायचे नाही, असा हा माणूस होता. ही निवड योग्य होती की नाही यावर वाद होऊ शकतो. पण तिच्यामुळे ज्या घरांतून एरवी एकही मुलगी बाहेर पडली नसती, तेथून मुली आश्रमात आल्या, हे नाकारता येत नाही.

हिंगण्याची झोपडी

पुण्यात प्लेगने थैमान घातले होते. शहरात भाड्याच्या जागेत आश्रम चालवणे अवघड झाले. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी हिंगण्याला सहा एकर जमीन आणि झोपडी बांधण्यासाठी साडेसातशे रुपये दिले. १९०० मध्ये आश्रम तेथे गेला. गावाबाहेर, ओसाड माळावर, तरुण विधवांनी राहायचे, ही कल्पनाच लोकांना धाडसाची वाटत होती. आज या संस्थेचा विस्तार पाहणाऱ्याला तिचा आरंभ एका कुडाच्या झोपडीत झाला, हे सांगूनही खरे वाटत नाही.

कर्वे दिवसभर फर्ग्युसनमध्ये शिकवत आणि संध्याकाळी पायी हिंगण्याला जात. आश्रमाला लागणारे जिन्नसही पुष्कळदा तेच घेऊन जात. रात्री मुलींना शिकवायचे, सकाळी पुन्हा शहराची वाट धरायची. सुट्या लागल्या की वर्गणीसाठी गावोगाव हिंडायचे. दात्याने एक रुपया दिला तरी त्याची पावती द्यायची, हिशेब ठेवायचा आणि तो दरवर्षी जाहीर करायचा. सार्वजनिक पैशाबद्दलच्या या काटेकोरपणातून त्यांनी जी पत कमावली, तीच पुढे विद्यापीठाचे खरे भांडवल ठरली.

आनंदीबाईंच्या भगिनी पार्वतीबाई आठवले याही विधवा होत्या. त्या आश्रमात शिकल्या, मग आश्रमाच्या कामाला लागल्या आणि संस्थेसाठी वर्गणी गोळा करणाऱ्या सर्वांत समर्थ कार्यकर्त्या ठरल्या. इंग्रजीचे जुजबी ज्ञान असतानाही पुढे त्या अमेरिकेपर्यंत जाऊन आल्या. शिकलेली विधवा काय करू शकते, याचे आश्रमाजवळचे हे पहिले चालतेबोलते उत्तर होते.

घराने मोजलेली किंमत

थोर पुरुषांची चरित्रे लिहिताना त्यांच्या घरातला जमाखर्च बहुधा वगळला जातो. कर्वे यांच्या बाबतीत तो वगळणे अन्यायाचे होईल. शिल्लक आश्रमाला, विमा आश्रमाला, संध्याकाळ आश्रमाला आणि सुट्याही आश्रमालाच. मग घराला काय उरले? शंकर, दिनकर आणि भास्कर या तीन मुलांचा संसार आनंदीबाईंनी अक्षरशः ओढला. त्यांनी नागपूरला जाऊन सुईणीचे शिक्षण घेतले आणि घराला हातभार लावला. विम्याची पॉलिसी देऊन टाकण्यासारखे निर्णय त्यांना मुकाट्याने पचवावे लागले असे नव्हे. त्या स्पष्टवक्त्या होत्या आणि नवऱ्याशी भांडतही असत. ‘माझे पुराण’ या त्यांच्या आत्मकथनात हा संसार कोणताही मुलामा न देता आला आहे.

विरोधाभास असा, की विधवांसाठी आयुष्य वेचणाऱ्या माणसाची पत्नी पुनर्विवाहित असल्यामुळे समाजाच्या दृष्टीने कायम वेगळीच राहिली. ज्या मुलींसाठी आश्रम होता, त्यांच्या पालकांना तिच्या सावलीचीही भीती वाटत असे. आश्रम टिकावा म्हणून आनंदीबाईंनी हा दुरावाही सोसला. कर्वे यांच्या चिकाटीचे गुणगान करताना या दुसऱ्या चिकाटीची नोंद घेतलीच पाहिजे. ती जिद्द नसती, तर पहिलीही फार काळ टिकली नसती.

जपानहून आलेली पुस्तिका

१९०७ मध्ये कर्वे यांनी महिला विद्यालय काढले. ते केवळ विधवांसाठी नव्हते. कुमारिकांनाही तेथे शिकता येई. शिकून उभी राहिलेली मुलगी विधवा झाली तरी निराधार होत नाही, हा विचार त्यामागे होता. १९०८ मध्ये, संस्थेला आयुष्य वाहून घेणारे कार्यकर्ते घडावेत म्हणून त्यांनी निष्काम कर्ममठ स्थापन केला. विधवाविवाह, विधवांचे शिक्षण आणि मग एकूणच स्त्रीचे शिक्षण असा त्यांचा विचार टप्प्याटप्प्याने रुंदावत गेला. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या कामात आलेल्या अडथळ्यानेच त्यांना पुढची दिशा दाखवली होती.

१९१४ मध्ये ते फर्ग्युसनमधून निवृत्त झाले. पुढच्याच वर्षी मुंबईत भरणाऱ्या राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणात काय मांडावे याचा विचार चालू असताना त्यांना एका पुस्तिकेची आठवण झाली. बनारसचे शिवप्रसाद गुप्त यांनी ती पूर्वी त्यांच्याकडे पाठवली होती. विषय होता टोकियोतील महिला विद्यापीठ. तेव्हा घाईत बाजूला ठेवलेली ती पुस्तिका कर्वे यांनी आता लक्षपूर्वक वाचली आणि हिंदुस्थानातही स्त्रियांसाठी असे विद्यापीठ हवे, हे त्यांच्या मनाने घेतले. डिसेंबर १९१५ च्या परिषदेत त्यांनी ही कल्पना जाहीरपणे मांडली. शिक्षण मातृभाषेतून द्यायचे, इंग्रजी हा एक विषय म्हणून ठेवायचा आणि स्त्रियांच्या जीवनाशी जोडलेला अभ्यासक्रम आखायचा, असा तिचा गाभा होता.

शुभेच्छा देणाऱ्यांपेक्षा शंका घेणारेच जास्त होते. मुलींचे महाविद्यालय धड चालत नाही तेथे विद्यापीठ कसले? स्त्रियांसाठी वेगळा अभ्यासक्रम म्हणजे त्यांना दुय्यम शिक्षण देणे नव्हे काय? सरकारी मान्यता नसलेल्या पदवीला कोण विचारणार? हे सारे प्रश्न रास्त होते. महात्मा गांधींना मातृभाषेचे माध्यम पसंत होते, मात्र इंग्रजी सक्तीची असणे मान्य नव्हते. तरीही कर्वे यांच्यासाठी त्यांनी वर्षाला दहा रुपयांची वर्गणी देऊ केली. रक्कम लहान होती. पण कर्वे यांच्या वहीत लहान रकमेलाही स्वतंत्र ओळ असे.

जून १९१६ मध्ये विद्यापीठ स्थापन झाले. भांडारकर कुलपती झाले. कर्वे यांच्याच घरी वाढलेले, त्यांचे आप्त आणि केंब्रिजचे सीनियर रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे हे कुलगुरू. हिंगण्याला सुरू झालेल्या महाविद्यालयातील विद्यार्थिनी हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच होत्या. पदव्यांची नावेही संस्कृत वळणाची ठेवली होती. बी. ए. च्या तोडीची ती गृहीतागमा आणि त्यापुढची प्रदेयागमा. नावे भारदस्त होती, पण सरकारदरबारी त्यांची किंमत शून्य होती. गृहीतागमा झालेल्या मुलीला सरकारी नोकरीत पदवीधर म्हणून कोणी विचारत नसे. त्यामुळे ज्यांना शक्य होते ते पालक मुलींना मुंबई विद्यापीठाकडे पाठवत. ही अडचण पुढे तीस वर्षांहून अधिक काळ कर्वे यांच्या मानगुटीवर बसून राहिली.

देणगी आणि तिच्यामागून आलेला पेच

विद्यापीठासाठी कर्वे देशभर फिरले. हात आखडता घेणारे अनेक भेटले. मग १९२० मध्ये एक चमत्कार वाटावा अशी घटना घडली. मुंबईतील गिरणीमालक सर विठ्ठलदास ठाकरसी नुकतेच परदेश प्रवास करून आले होते आणि जपानमधील महिला विद्यापीठ त्यांनी स्वतः पाहिले होते. त्यांनी कर्वे यांच्या विद्यापीठाला पंधरा लाख रुपयांची देणगी जाहीर केली. तिच्या व्याजापोटी वर्षाला साडेबावन्न हजार रुपये मिळणार होते. विठ्ठलदासांच्या मातोश्रींच्या नावावरून विद्यापीठ श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी विद्यापीठ झाले. एसएनडीटी हे आज घराघरांत पोहोचलेले नाव तेथून आले.

रुपया-रुपयाने वर्गणी गोळा करणाऱ्या माणसाच्या आयुष्यात ही रक्कम अफाट होती. मात्र तिच्यासोबत अटीही होत्या. विद्यापीठाला सरकारी मान्यता मिळवणे आणि त्याचे मुख्यालय मुंबईत नेणे या त्यांतील प्रमुख. पुढे सर विठ्ठलदास यांचे निधन झाले आणि अटींच्या पूर्ततेवरून विश्वस्त व विद्यापीठ यांच्यात मतभेद वाढले. १९३० च्या दशकात एक वेळ अशी आली, की व्याजाची रक्कमच थांबली. ज्या आधारावर संसार मांडला, तोच आधार काढून घेतला गेल्यासारखी ही स्थिती होती. कर्वे तेव्हा सत्तरी ओलांडून गेले होते. ते पुन्हा झोळी घेऊन निघाले. अखेर तडजोड झाली, मदत पुन्हा सुरू झाली आणि १९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्यालय मुंबईला हलले. पुण्याच्या माळावर लावलेले रोप मुंबईच्या भर वस्तीत जाताना पाहणे संस्थापकाला सोपे गेले नसणार. पण संस्था आपल्याजवळ राहण्यापेक्षा ती टिकणे महत्त्वाचे, हे त्यांनी फार पूर्वीच स्वीकारले होते.

सत्तरीनंतरचा जगप्रवास

मार्च १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, कर्वे बोटीने इंग्लंडला निघाले. ज्या वयात माणसे तीर्थयात्रा उरकून घरी बसतात, त्या वयात ते युरोपातील शिक्षणपरिषदांमध्ये हिंदुस्थानातील स्त्रीशिक्षणाच्या प्रयोगाची माहिती देत होते. लंडन, जिनिव्हा, डेन्मार्कमधील एल्सिनोर असा प्रवास करून ते जर्मनीत गेले. तेथे त्यांनी अल्बर्ट आइन्स्टाइन यांची भेट घेतली. पुढे अमेरिका आणि मग जपान. ज्या विद्यापीठाच्या पुस्तिकेने त्यांच्या स्वप्नाला आकार दिला होता, ते टोकियोचे महिला विद्यापीठ त्यांनी डोळ्यांनी पाहिले. एप्रिल १९३० च्या अखेरीस ते परतले.

परतल्यावर विश्रांती घ्यावी, तर त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते आफ्रिकेला निघाले. केनिया, युगांडा, टांगानिका, झांझिबार, पोर्तुगीज पूर्व आफ्रिका आणि दक्षिण आफ्रिका असा सुमारे पंधरा महिन्यांचा हा दौरा होता. तेथे स्थायिक झालेल्या भारतीयांकडून त्यांनी विद्यापीठासाठी निधी जमवला. विद्यापीठाचा कारभार तरुणांच्या हाती गेल्यावरही ते स्वस्थ बसले नाहीत. १९३६ मध्ये शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी महाराष्ट्र ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळ काढले. १९४४ मध्ये, शहाऐंशीच्या उंबरठ्यावर, जातिभेदाविरुद्ध काम करण्यासाठी समता संघ स्थापन केला. या संस्थांचा व्याप हिंगण्याएवढा वाढला नाही. पण कामाची व्याप्ती वाढवत नेण्याची त्यांची वृत्ती अखेरपर्यंत तशीच होती, हे त्यांतून दिसते.

मान्यता

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. १९४९ मध्ये मुंबई राज्याच्या विधिमंडळाने या विद्यापीठाचा कायदा केला आणि १९५१ मध्ये त्याला वैधानिक दर्जा प्राप्त झाला. वैधानिक विद्यापीठाच्या पहिल्या कुलगुरू झाल्या सर विठ्ठलदासांच्या पत्नी लेडी प्रेमलीला ठाकरसी. स्त्रियांच्या विद्यापीठाची धुरा एका स्त्रीच्या हाती आली. पदवीला किंमत नाही, हा १९१६ पासूनचा आक्षेप कायमचा निकालात निघाला. तीन दशके बिनमान्यतेची पदवी घेऊन शाळाशाळांमधून शिकवत राहिलेल्या मुलींचा विश्वासही त्या दिवशी सार्थ ठरला. सरकारने मानले नव्हते तेव्हा या विद्यापीठाला त्यांनीच मानले होते.

हा दिवस पाहायला आनंदीबाई नव्हत्या. २९ नोव्हेंबर १९५० रोजी त्यांचे निधन झाले. पुढे १९५३ मध्ये ज्येष्ठ पुत्र रघुनाथराव गेले. संततिनियमनाच्या प्रचारापायी त्यांनी वडिलांपेक्षाही कडवा विरोध सोसला होता. दीर्घायुष्याची हीही एक बाजू असते. सन्मान मात्र आता एकामागून एक येत होते. १९५५ मध्ये पद्मविभूषण आणि १९५८ मध्ये, शंभरी पूर्ण होत असताना, भारतरत्न. त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त टपाल खात्याने तिकीट काढले. मुंबईत ब्रेबॉर्न स्टेडियमवर झालेल्या सत्कार सोहळ्याला पंतप्रधान जवाहरलाल नेहरू उपस्थित होते. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी वयाच्या एकशे पाचव्या वर्षी पुण्यात महर्षींची प्राणज्योत मालवली.

कर्वे यांच्या जीवनाकडे पाहताना चिकाटी हा शब्द सहज वापरला जातो. पण तो अपुरा आहे. चिकाटी म्हणजे एकाच भिंतीवर डोके आपटत राहणे, असा समज असेल तर कर्वे तसे नव्हते. भिंत लागली की ते तिच्या कडेने चालू लागत आणि दार सापडेपर्यंत चालत. पुनर्विवाहाने वाट अडवली, तर शिक्षणातून वाट काढली. शहराने जागा दिली नाही, तर माळावर झोपडी बांधली. सरकारने मान्यता दिली नाही, तर समाजाकडे वर्गणी मागितली. दात्याची मदत थांबली, तर पुन्हा रुपयापासून सुरुवात केली. या वाटचालीत त्यांनी काही तडजोडी केल्या आणि काही ओझी घरच्यांच्या खांद्यावर टाकली, हेही खरे. पण ज्या दिशेला निघालो ती दिशा त्यांनी एकदाही बदलली नाही.

हिंगण्याच्या त्या संस्थेने १९९१ मध्ये मुलींसाठी स्वतंत्र अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू केले. कर्वेनगरात सकाळच्या वेळी त्या बाजूला वळणाऱ्या दुचाकींवर पाठीला सॅक लावलेल्या मुलींची गर्दी असते. वर्गाची वेळ गाठण्याच्या घाईत असलेल्या त्या मुलींच्या वाटेवर आता चिखल नाही.